आजोबांचा आवाज कुठे गेला?

संध्याकाळची वेळ डोळ्यांपुढे आणा. टीव्ही चालू आहे, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होताहेत, धाकट्याचे पाढे चालले आहेत. खुर्चीत बसलेले आजोबा काहीतरी सांगू पाहतात. "अरे, आमच्या शाळेत एकदा काय झालं..." वाक्याचा शेवट हवेतच विरून जातो.

"काय म्हणालात, अण्णा? जरा मोठ्यानं बोला ना!" आई आतून म्हणते.

आजोबा पुन्हा जोर लावतात. मान ताणली जाते, गळ्याच्या शिरा दिसू लागतात, पण आवाज येतो तो फुंकर घातल्यासारखा. मग ते हात हलवतात आणि म्हणतात, "काही नाही, राहू दे."

हे 'राहू दे' तुम्ही कधी ऐकलंय का? याच आजोबांच्या एका हाकेसरशी गल्लीच्या टोकाला क्रिकेट खेळणारी पोरं घरी पळत यायची, असं तुमचे बाबा सांगतात. मग तो आवाज गेला कुठे?

"वय झालं!" आपण सगळे पटकन म्हणून टाकतो. केस पिकतात, दात पडतात, तसाच आवाजही जातो, त्यात काय एवढं? पण दात पडले तर आपण कवळी बसवतो. डोळ्यांत मोतीबिंदू झाला तर ऑपरेशन करून घेतो. मग आवाजासाठी काहीच करता येत नाही का?

करता येतं! गळ्याच्या कूर्चेला एक छोटीशी खिडकी पाडायची आणि तिच्यातून एक पाचर आत सरकवायची, असं एक ऑपरेशन आहे. आणि गंमत म्हणजे हे ऑपरेशन चालू असताना पेशंट जागा असतो आणि चक्क बोलत असतो! पण तिथपर्यंत पोचायचं तर आधी आपल्या गळ्यात डोकावून पाहायला हवं.

गळ्यातली पेटी

तुमच्या शाळेत प्रार्थनेला बाजाची पेटी वाजते ना? तिचा मागचा भाता हलवला की हवा आत ढकलली जाते. ती हवा पितळेच्या बारीक पट्ट्यांवरून जाते, पट्ट्या थरथरतात आणि सूर निघतो. नुसता भाता हलवून सूर निघत नाही आणि नुसत्या पट्ट्याही गप्पच बसतात. दोन्ही लागतात.

आपल्या गळ्यातही असंच आहे. फुप्फुसं म्हणजे भाता. थरथरणाऱ्या पट्ट्या आहेत स्वरयंत्रात. गळ्यावर समोरून बोट फिरवा. मध्ये जो कडक उंचवटा लागतो तो कंठमणी. मोठ्या माणसांच्या, त्यातही पुरुषांच्या गळ्यात तो चांगला दिसतो. हा उंचवटा म्हणजे एका कूर्चेची पुढची कड. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वर लागते तशी, हाडाहून मऊ पण आकार धरून ठेवणारी वस्तू. या कूर्चेच्या ढालीमागे, श्वासनलिकेच्या तोंडाशी दोन स्वरतंतू असतात.

'तंतू' या नावावर जाऊ नका बरं का! ते सतारीच्या तारांसारखे नसतात. त्या दोन मऊ घड्या असतात, ओठांसारख्या. मोठ्या माणसातही त्यांची लांबी जेमतेम दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढी. श्वास घेताना त्या बाजूला होतात, बोलताना एकमेकींना चिकटतात. खालून येणारी हवा त्यांना दूर ढकलते, त्या पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात. बाबांच्या गळ्यात हे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा घडतं, आईच्या गळ्यात दोनशेच्या आसपास आणि तुमच्या गळ्यात त्याहूनही जास्त! गळ्यावर बोट ठेवून "अं..." असं गुणगुणा. बोटाला जी झिणझिण जाणवते ती हीच.

गवयाचा आरसा

हे स्वरतंतू बोलत्या माणसाच्या गळ्यात स्पष्टपणे पाहून त्याचं नीट वर्णन करणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो होता गाण्याचा मास्तर! त्याचं नाव मॅन्युएल गार्सिया. आवाज तयार होतो तरी कसा, या प्रश्नानं त्याला झपाटलं होतं. १८५४ साली पॅरिसमध्ये फिरत असताना खिडक्यांच्या काचांवर चमकणारं ऊन त्याला दिसलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन आरसे वापरले तर?

त्यानं दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा छोटा आरसा विकत आणला. श्वासाची वाफ धरू नये म्हणून तो कोमट पाण्यात धरला आणि स्वतःच्याच घशात घातला. दुसऱ्या हातातल्या आरशानं उन्हाचा कवडसा तोंडात सोडला. आणि समोर दिसलं त्याचंच स्वरयंत्र, उघडमीट करणारं! पुढच्याच वर्षी, १८५५ साली, लंडनच्या रॉयल सोसायटीत त्याचा निबंध सादर झाला. हा गार्सिया एकशे एक वर्षं जगला. घशाचे डॉक्टर त्याला आजही मानतात.

झीज होते म्हणजे काय होतं?

आता आजोबांकडे वळू. व्यायाम थांबवला की दंडाचे स्नायू बारीक होतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हातारपणी तर सगळेच स्नायू थोडेफार बारीक होतात. प्रत्येक स्वरतंतूच्या पोटातही एक स्नायू असतो. त्याच्यावर मऊ, जेलीसारखा थर असतो आणि सगळ्यात वर दुधावरच्या सायीसारखं पातळ आवरण. बोलताना लाटा उठतात त्या या वरच्या थरांवर. वयाबरोबर आतला स्नायू रोडावतो आणि मधला थरही आपला लुसलुशीतपणा गमावतो. यालाच म्हणतात स्वरतंतूंची झीज.

याचा परिणाम काय? तरुणपणी दोन्ही घड्यांच्या कडा सरळ असतात आणि मिटल्या की मध्ये फट राहत नाही. झिजलेल्या घड्यांच्या कडा मात्र धनुष्यासारख्या आत वाकतात. मिटल्या तरी मध्ये लांबुळकी फट उरते. या फटीतून हवा फुकट निघून जाते. भाता जोरात हलतोय पण पट्टी थरथरत नाही, अशी पेटीची गत!

करून बघा: वहीच्या कागदाच्या दोन लांब पट्ट्या कापा. दोन्ही हातांत एकेक धरून तोंडासमोर बोटभर अंतरावर लोंबत्या ठेवा आणि मधून फुंकर मारा. पट्ट्या दूर जातील असं वाटतं ना? त्या उलट जवळ येतात आणि फडफडतात. आता त्यांच्यात वीतभर अंतर ठेवून फुंका. कितीही फुंका, पट्ट्या ढिम्म! आजोबांची अडचण हीच आहे. अंतर वाढलंय.

अंतर भरून काढायला आजोबा मग गळा आवळून बोलतात. त्यानं गळा दुखतो. दहा मिनिटं बोललं तरी दमायला होतं. एका श्वासात चार शब्दांच्या वर जाता येत नाही. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटून ते सारखं खाकरतात. काहींना पाणी पितानाही ठसका लागतो, कारण घास गिळताना श्वासनलिकेचं दार घट्ट लावायचं कामसुद्धा हेच स्वरतंतू करतात.

यातली आणखी एक गंमत सांगतो. तुमच्यापैकी काही मुलांचा आवाज सध्या फुटत असेल. मध्येच जाड, मध्येच चिरका! या वयात मुलांचं स्वरयंत्र भराभर वाढतं, घड्या लांब आणि जाड होतात, म्हणून आवाज खाली उतरतो. म्हातारपणी याच्या उलट होतं. घड्या पातळ होतात आणि आजोबांचा आवाज वर, बारीक पट्टीत जातो. आजींचा आवाज मात्र पुष्कळदा थोडा घोगरा होऊन खाली येतो, कारण त्यांच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात. अर्थात अशी झीज आजींनाही होऊ शकते. आणि ती नेहमी वयामुळेच होते असंही नाही. स्वरतंतूला हलवणारी नस दुखावली तर तो एकाच बाजूचा तंतू लुळा पडून हळूहळू रोडावतो. हे तरुण माणसालाही होऊ शकतं.

सिनेमातलं चाक आणि घशातली दुर्बीण

आजोबांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेलं की डॉक्टर काय करतील? हल्ली आरशाच्या जागी दुर्बीण आली आहे. नाकातून घालायची बारीक, लवचीक दुर्बीण. तिच्या टोकाचा कॅमेरा घशातलं चित्र पडद्यावर दाखवतो. पण सेकंदाला शंभर वेळा हलणारी वस्तू डोळ्यांना दिसणार कशी?

त्यासाठी एक युक्ती आहे. सिनेमात भरधाव टांग्याचं चाक कधी थांबल्यासारखं तर कधी उलटं फिरताना दिसतं, ते पाहिलंय ना? कॅमेरा चाकाची तुटक तुटक चित्रं घेतो आणि आपले डोळे ती जोडतात, म्हणून तसं दिसतं. डॉक्टरही अशीच लुकलुकणारी प्रकाशाची यंत्रणा वापरतात. तिचं नाव स्ट्रोबोस्कोप. या प्रकाशात स्वरतंतू जणू आरामात डुलत असल्यासारखे दिसतात आणि मग कळतं, फट कुठे आहे, किती आहे, लाट नीट उठते की नाही.

डॉक्टर आणखी एक साधी चाचणी घेतात. तीही तुम्ही घरी करून बघा: खोल श्वास घ्या आणि नेहमीच्या आवाजात "आऽऽऽ" म्हणत राहा. दुसऱ्यानं घड्याळात पाहायचं. निरोगी मोठी माणसं साधारण पंधरा ते पंचवीस सेकंद आवाज टिकवतात. तुमची फुप्फुसं लहान, म्हणून तुमचा आकडा कमी येईल. फट असलेल्या माणसाची हवा मात्र दहा सेकंदांच्या आतच संपून जाते.

ही तपासणी आणखी एका कारणासाठी फार महत्त्वाची आहे. आवाज बसण्यामागे गाठ, नसेचा आजार, कधी कॅन्सरही असू शकतो, आणि तंबाखू-सिगारेटवाल्यांना तर हा धोका फार मोठा. म्हणून कुणाचाही आवाज तीन-चार आठवड्यांत सुधारला नाही तर "वय झालं" म्हणून गप्प बसायचं नाही. घसा तपासून घ्यायचाच.

आधी तालीम

झीज आहे असं नक्की झालं, तरी डॉक्टर लगेच चाकू हातात घेत नाहीत. आधी पाठवतात वाचोपचार तज्ज्ञांकडे. ते आवाजाचे व्यायाम शिकवतात. पोटातून श्वास कसा घ्यायचा, गळा न आवळता आवाज पुढे कसा फेकायचा, एक सूर धरून तो लांब कसा न्यायचा. पहिलवानाला जशी तालीम तशी ही गळ्याची तालीम! रोज नेमानं केली तर पुष्कळ आजी-आजोबांचं काम एवढ्यानंच भागतं.

काहींची फट मात्र मोठी असते. व्यायामानं आवाज थोडा सुधारतो, पण पुरेसा नाही. मग प्रश्न येतो, ही फट बुजवायची कशी?

सुईनं भरायचं

पहिली कल्पना कुणालाही सुचेल अशीच आहे. घडी रोडावली आहे ना? मग तिच्यात काहीतरी भरून तिला गुबगुबीत करा!

१९११ साली विल्हेल्म ब्रुनिंग्ज या जर्मन डॉक्टरांनी हेच केलं. त्यांनी लुळ्या पडलेल्या स्वरतंतूत सुईनं पॅराफिन, म्हणजे एक प्रकारचं मेण भरलं. आवाज सुधारला! पण हे मेण शरीराला मानवलं नाही, ते जागाही सोडायचं, आणि त्याच्या गाठी होऊ लागल्या. पुढे १९६२ साली गॉडफ्री अर्नोल्ड या डॉक्टरांनी टेफ्लॉन वापरलं. हो, तेच, न चिकटणाऱ्या तव्यावर असतं ते! ते बरीच वर्षं चाललं. पण काही वर्षांनी त्याच्याभोवतीही कडक गाठी धरतात असं दिसलं. एकदा भरलेलं टेफ्लॉन पूर्णपणे बाहेर काढणंही महाकठीण.

आज सुईची पद्धत पुन्हा जोरात आहे, पण भरायच्या वस्तू बदलल्या आहेत. एक म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिड. हे आपल्या शरीरात मुळातच असतं. काही महिन्यांत ते विरघळून जातं, म्हणून 'आधी भरून पाहू, आवाज सुधारतो का' असा अंदाज घ्यायला ते उत्तम. दुसरा एक क्षार आपल्या हाडांत आणि दातांत असतो तसाच असतो. त्याचे बारीक कण साधारण वर्षभर, कधी थोडे जास्तही टिकतात. तिसरी वस्तू पेशंट स्वतःच घेऊन येतो. ती म्हणजे त्याच्या पोटावरची चरबी! तिचा काही भाग शरीर शोषून घेतं, म्हणून डॉक्टर भरताना मुद्दामच थोडी जास्त भरतात.

क्योटोची खिडकी

आता येते आपली खिडकी. जपानमध्ये क्योटो नावाचं जुनं शहर आहे. तिथल्या विद्यापीठात नोबुहिको इश्शिकी नावाचे सर्जन होते. त्यांनी अडचण उलट्या बाजूनं पाहिली. सुई थेट स्वरतंतूतच टोचली जाते, म्हणजे मुळात नाजूक असलेल्या वस्तूलाच आपण हात लावतो. त्याऐवजी तंतू ज्या कूर्चेच्या भिंतीला चिकटून आहे ती भिंतच बाहेरून आत ढकलली तर? भिंत सरकेल, तिच्याबरोबर तंतू मध्याकडे सरकेल आणि फट मिटेल. थरथरणाऱ्या कडेला धक्काही लागणार नाही.

बाहेरून ढकलण्याचा प्रयत्न १९१५ साली एर्विन पायर या सर्जननी केला होता, पण तो फारसा रुजला नाही. इश्शिकींनी मात्र पूर्ण शास्त्रच उभं केलं. १९७४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वरयंत्राच्या कूर्चेवरच्या चार शस्त्रक्रिया मांडल्या. पहिलीत तंतू मध्याकडे ढकलायचे. दुसरीत ते दूर करायचे. तिसरीत सैल करून आवाज खाली आणायचा. चौथीत ताणून आवाज वर न्यायचा. तबल्याचा गठ्ठा ठोकून वादी घट्ट-सैल करतात ना, तसंच काहीसं! आपल्याला हवी आहे ती पहिली. १९७५ साली इश्शिकींनी लुळ्या किंवा झिजलेल्या स्वरतंतूंमुळे आवाज गेलेल्या रुग्णांवरचा या शस्त्रक्रियेचा अनुभव प्रसिद्ध केला. आज ती जगभर केली जाते, आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही.

चला, आपण ऑपरेशन थिएटरच्या काचेतून आत पाहतोय असं समजा. टेबलावर आजोबा आहेत. त्यांना गुंगीचं हलकं औषध दिलंय, पण झोपवलेलं नाही. मानेपुरती भूल दिली आहे. मानेच्या एखाद्या वळीत सर्जन आडवी चीर देतात, म्हणजे पुढे व्रण वळीत लपून जातो. आतले स्नायू बाजूला सारले की पांढरट कूर्चा दिसते. आता पट्टी घेऊन मोजमाप! कंठमण्याची वरची खाच आणि कूर्चेची खालची कड यांच्या साधारण मध्यावर आतल्या बाजूला स्वरतंतू असतो. तिथे सर्जन सुमारे एक सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर रुंद खिडकी आखतात. म्हाताऱ्या माणसांत ही कूर्चा कधी कधी हाडासारखी कडक झालेली असते, मग बारीक ड्रिल लागतं.

खिडकी झाली. आता सर्जन तिच्यातून आतल्या मऊ भागावर हलकेच दाब देतात आणि म्हणतात, "आजोबा, 'ई' म्हणा बरं."

"ईऽऽ..." फुंकर घातल्यासारखा आवाज.

दाबाची जागा दोन मिलिमीटर मागे. "पुन्हा म्हणा."

"ईऽऽऽ!" थोडा भरीव.

"आता एक ते दहा मोजा."

आजोबा मोजतात. सहा, सात, आठ... आणि नवाला आवाज एकदम घट्ट, चोंदल्यासारखा होतो. दाब जरा जास्त झाला! सर्जन तो कमी करतात. नाकातल्या दुर्बिणीमुळे पडद्यावर फट दिसतेच आहे, पण सर्जनची खरी भिस्त आहे कानांवर. तंबोरा लावणारा वादक खुंटी पिळून झाल्यावर खालचा मणी केसभर इकडेतिकडे सरकवतो आणि कान देऊन ऐकतो. अगदी तसंच! पेशंटला पूर्ण भूल देऊन झोपवलं असतं, तर हे ऐकणार कुणाला?

योग्य जागा सापडली की तिथे सिलिकॉनची कोरलेली छोटी पाचर बसवतात. सुतार दाराच्या सैल चौकटीत बसवतो तशी. काही सर्जन पाचरीऐवजी गोअर-टेक्सची फीत आत सारतात. हो, रेनकोटच्या कापडामुळे नाव झालेलं तेच गोअर-टेक्स! वयामुळे झीज दोन्ही बाजूंना झालेली असते, म्हणून बहुतेक वेळा दोन्हीकडे खिडक्या लागतात. शेवटी टाके घालतात. सूज येऊन श्वासाला अडथळा तर होत नाही ना, हे पाहायला पेशंटला सहसा रात्रभर दवाखान्यात ठेवतात.

जादू नव्हे, दुरुस्ती

हे वाचून तुम्हाला वाटेल, वा! आता आजोबा विशीतल्यासारखे गाणार! थांबा. खरं ते खरं सांगायला हवं.

सुरुवातीचे काही दिवस सुजेमुळे आवाज घोगराच येतो. डॉक्टर थोडे दिवस गप्प राहायला सांगतात. सूज उतरता उतरता आवाज मोकळा होतो. क्वचित पाचर सरकते, जखम चिघळते किंवा फेरबदल करावा लागतो. चांगली गोष्ट ही की पाचर गरज पडली तर काढता किंवा बदलता येते. मेणाचं किंवा टेफ्लॉनचं तसं नव्हतं.

दुसरी मर्यादा महत्त्वाची आहे. पाचर फट बुजवते, पण वरच्या थराचा गेलेला लुसलुशीतपणा परत आणत नाही. म्हणून आवाज भरीव होतो, दम टिकतो, बोलताना थकवा कमी येतो, पण तरुणपणीच्या ताना परत येतीलच असं नाही. ऑपरेशननंतरही तालीम लागतेच. हा लुसलुशीतपणा परत आणता येईल का, यावरही काम चालू आहे. जपानी डॉक्टरांनी पेशींची वाढ घडवणारं एक प्रथिन झिजलेल्या स्वरतंतूंत टोचून पाहिलं आहे आणि काही रुग्णांना त्याचा फायदाही झाला आहे. आणि कोणताही उपाय घ्यायचा की नाही, कोणता घ्यायचा, हे आजोबांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. एखादे आजोबा म्हणतील, "मला व्यायामच पुरे." तेही अगदी बरोबर.

मग आपण काय करायचं?

आपलं काम ऑपरेशनच्या कितीतरी आधी सुरू होतं. आजोबांचा आवाज बारीक झाला की घरात काय होतं, आठवून बघा. फोन आला की ते दुसऱ्याकडे देतात. भाजीवाल्याला हाक मारणं सोडतात. कट्ट्यावर मित्रांत बसतात, पण नुसते ऐकतात. आवाज जाण्याचं दुःख कमी होत जाण्याऐवजी वाढतच जातं, कारण माणूस बोलायचाच थांबतो. आणि न वापरलेला आवाज आणखी दुबळा होतो.

तेव्हा आज संध्याकाळी एवढं करा. टीव्हीचा आवाज कमी करा. आजोबांच्या समोर, त्यांचं तोंड दिसेल असे बसा. "मोठ्यानं बोला" असं न म्हणता स्वतःच जवळ सरका. ते खाकरले, थांबले, तरी मध्येच वाक्य पुरं करू नका. त्यांना रोज पाच मिनिटं पेपर मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. तुम्हाला बातमी कळेल आणि त्यांच्या गळ्याला थोडा सराव होईल. आणि आई-बाबांना हा लेख दाखवून विचारा, "आपण आजोबांचा घसा कधी तपासलाय का?"

कदाचित डॉक्टर सांगतील की व्यायाम पुरे. कदाचित सुई लागेल. कदाचित कूर्चेला एक छोटी खिडकी. ते पुढचं पुढे. पण शाळेत एकदा काय झालं ती अर्धी राहिलेली गोष्ट मात्र आजच पुरी ऐकून घ्या. आजोबा "राहू दे" म्हणाले, तर तुम्ही म्हणा, "नाही आजोबा, राहू द्यायचं नाही. सांगा!"